गॅस्ट्रिक बायपास: शस्त्रक्रिया नागपुरात, पुढची वर्षे गावात

आमच्याकडच्या गावांत ‘बायपास’ हा शब्द दोनच अर्थांनी ओळखीचा आहे. एक म्हणजे गावाला वळसा घालून जाणारा रस्ता आणि दुसरा म्हणजे हृदयाचे ऑपरेशन. त्यामुळे वजन कमी करण्यासाठी एखाद्या बाईचे ‘पोटाचे बायपास’ झाल्याचे कानावर आले की काही लोक तिच्या हृदयाची चौकशी करतात आणि काहींना वाटते की डॉक्टरांनी तिच्या पोटावरची चरबी कापून काढली. दोन्ही समज चुकीचे आहेत. या शस्त्रक्रियेत चरबीला हात लावला जात नाही. बदलतो तो अन्नाचा पोटातला मार्ग.

यवतमाळ, वर्धा, वाशीमकडच्या खेड्यांतून या शस्त्रक्रियेची चौकशी करणारी माणसे मला भेटतात, तेव्हा त्यांचे प्रश्न बहुधा दोनच असतात: दुखेल किती आणि खर्च किती. मला मात्र तिसरा प्रश्न सर्वांत मोठा वाटतो. शस्त्रक्रिया दोन-तीन तासांची असते आणि ती नागपूरसारख्या शहरात होते. पण तिच्यानंतरची दहा, वीस, तीस वर्षे माणसाला आपल्या गावात, आपल्या चुलीपुढे आणि आपल्या तालुक्यातल्या दवाखान्याच्या आधाराने काढायची असतात. ती वर्षे कशी निभावायची, हे शस्त्रक्रियेच्या आधीच समजलेले असावे, यासाठी हा लेख आहे.

आधी साधे पचन पाहू. आपण खाल्लेला घास अन्ननलिकेतून जठरात उतरतो. मोठ्या माणसाच्या जठरात भरपेट जेवणानंतर एक ते दीड लिटर अन्न-पाणी मावते. तिथे आम्लात अन्न घुसळले जाते आणि थोडे थोडे करून लहान आतड्यात सोडले जाते. लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब असते. त्याच्या सुरुवातीच्या भागात यकृताकडून पित्त आणि स्वादुपिंडाकडून पाचक रस येऊन मिळतात, आणि याच सुरुवातीच्या भागात लोह व कॅल्शियम मोठ्या प्रमाणात शोषले जातात. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवावे, कारण पुढच्या बऱ्याच गोष्टी त्याच्यावर उभ्या आहेत.

शस्त्रक्रियेत जठराचा अगदी वरचा भाग स्टेपलर नावाच्या उपकरणाने उरलेल्या जठरापासून वेगळा करून त्याची एक लहानशी पिशवी केली जाते. तिच्यात सुमारे ३० मिलिलिटर मावते, म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर जे १० मिलिलिटरचे झाकण असते तशी तीन झाकणे. त्यानंतर लहान आतडे सुरुवातीपासून साधारण ५० ते १०० सेंटिमीटरवर कापतात, त्याचे खालचे टोक वर आणून या पिशवीला जोडतात आणि वरचे टोक, ज्यातून पित्त आणि पाचक रस येत असतात, ते आणखी ७५ ते १५० सेंटिमीटर खाली आतड्याला जोडून देतात. आता घास पिशवीतून थेट आतड्याच्या पुढच्या भागात जातो. मोठे जठर आणि आतड्याचा पहिला भाग मध्येच टाळला जातो.

वळणरस्त्याचीच उपमा इथे चपखल बसते. रस्ता गावाबाहेरून गेला तरी गाव उठून जात नाही, तिथली माणसे आणि कामे चालूच राहतात. तसेच टाळलेले जठर पोटातच राहते, त्याचा रक्तपुरवठा चालू असतो, तिथे रस तयार होतात आणि ते खालच्या जोडावर अन्नाला येऊन मिळतात. फक्त अन्न त्या गावातून जात नाही. या बदलाचा एक परिणाम असाही होतो की तोंडावाटे घातलेली साधी दुर्बीण त्या मागे राहिलेल्या जठरापर्यंत पोहोचत नाही, आणि पुढे कधी तिथे काही दुखणे उद्भवले तर तपासणीसाठी वेगळे मार्ग शोधावे लागतात.

आतड्याची ही जोडणी इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी दिसते आणि सेझार रू या स्विस शल्यविशारदाच्या नावावरून तिला ‘रू-एन-वाय’ म्हणतात. वजनासाठी गॅस्ट्रिक बायपासचा प्रयोग अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो यांनी १९६६ मध्ये केला. अल्सरसाठी ज्यांच्या जठराचा मोठा भाग काढला होता त्या रुग्णांचे वजन कमी होते आणि पुन्हा सहज वाढत नाही, हे मेसन यांच्या लक्षात आले होते. १९९० च्या दशकात हीच शस्त्रक्रिया दुर्बिणीने, पोटावर पाच-सहा लहान छिद्रे पाडून करता येऊ लागली आणि तेव्हापासून रुग्णाचा त्रास व मुक्काम दोन्ही पुष्कळ कमी झाले.

पिशवी लहान झाली म्हणून माणूस कमी खातो आणि वजन उतरते, असे समजणे अर्धवट आहे. ज्याने कधी मनाने जेवण निम्म्यावर आणले असेल त्याला भूक कशी सूड उगवते ते ठाऊक असते. वजन घटू लागले की शरीर घाबरते, भूक वाढवते, खर्च कमी करते आणि चार महिन्यांत गमावलेले सहा महिन्यांत परत मिळवते. यात माणसाच्या निश्चयाचा दोष नसतो. हजारो वर्षे दुष्काळातून तगून आलेल्या शरीराची ती रीत आहे. बायपासनंतर अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचते आणि तिथून जीएलपी-१, पीवायवाय यांसारखी संप्रेरके जास्त प्रमाणात सुटतात. ही संप्रेरके मेंदूला ‘पोट भरले’ असा निरोप देतात आणि जीएलपी-१ स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला सांगते. म्हणून थोड्या अन्नावर माणूस उपाशी न वाटता राहू शकतो, आणि म्हणूनच अनेक मधुमेही रुग्णांची साखर वजन उतरण्याच्या आधीच, शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच खाली येऊ लागते.

ही आनंदाची गोष्ट आहे, पण तिच्यात एक धोका दडलेला आहे. घरी परतलेल्या रुग्णाने जुन्या चिठ्ठीप्रमाणे साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू ठेवले, तर साखर एकाएकी फार खाली जाऊन घाम, थरथर आणि बेशुद्धी येऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तसेच. रुग्णालयातून निघताना कोणती गोळी बंद झाली आणि कोणती निम्मी झाली, हे लिहून घ्यावे आणि घरातल्या जुन्या गोळ्यांची पाकिटे बाजूला काढून ठेवावीत.

ही शस्त्रक्रिया कोणासाठी आहे? यासाठी बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, हे माप वापरतात. किलोमधले वजन घ्यावे आणि मीटरमधल्या उंचीने दोनदा भागावे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ: दारव्हा तालुक्यातील एक बेचाळीस वर्षांची बाई, उंची १५२ सेंटिमीटर, वजन ९० किलो. ९० ला १.५२ ने दोनदा भागले की ३९ येते. १९९१ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने घालून दिलेली मर्यादा बीएमआय ४०, आणि मधुमेहासारखा वजनाशी जोडलेला गंभीर आजार असल्यास ३५, अशी होती. आपल्याकडे पोटाभोवती चरबी साठण्याची प्रवृत्ती जास्त असून कमी वजनावरही मधुमेह होतो, म्हणून भारतात हे आकडे अडीचने कमी, म्हणजे ३७.५ आणि ३२.५ असे धरले जात आले. २०२२ मध्ये या क्षेत्रातील दोन मोठ्या संघटनांनी मर्यादा आणखी खाली आणल्या, आणि आशियाई वंशाच्या लोकांबाबत २७.५ पासूनही विचार करता येईल असे म्हटले. आपल्या उदाहरणातली बाई भारतातल्या आणि २०२२ च्या हिशेबाने विचारात घेण्याजोगी आहे, आणि तिला मधुमेह किंवा झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल तर १९९१ च्या हिशेबानेही.

आरोग्य विमा असणाऱ्यांसाठी हिशेब थोडा वेगळा पडतो. विमा नियामकाच्या प्रमाणित अटींनुसार रुग्ण किमान अठरा वर्षांचा असावा, डॉक्टरांचा सल्ला असावा, आणि बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक, अथवा ३५ व सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणे) किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असावा, तरच लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च वगळला जात नाही. डॉक्टरांची मर्यादा आणि विम्याची मर्यादा यांत फरक आहे, हे आधी कळले तर पुढची निराशा टळते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत येणाऱ्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. आपली शस्त्रक्रिया योजनेच्या उपचारांत बसते की नाही, हे वावर गहाण टाकण्याचा विचार मनात येण्याच्या आधी त्याला विचारून घ्यावे. खासगी रुग्णालयात हा खर्च काही लाखांत जातो.

किती वजन कमी होते? सर्वसाधारणपणे एकूण वजनाच्या पंचवीस ते तीस टक्के, आणि त्यातले बहुतेक पहिल्या बारा ते अठरा महिन्यांत. आपल्या उदाहरणातली ९० किलोची बाई ६३ ते ६८ किलोच्या दरम्यान येईल. म्हणजे ती सडपातळ होणार नाही, पण तिचे गुडघे, तिची साखर आणि तिचा श्वास यांना मोठा दिलासा मिळेल. पुढच्या वर्षांत त्यातले थोडे वजन बहुतेकांचे परत वाढते. मधुमेहाबद्दल अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे १५० रुग्णांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध आहे. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या त्याच्या पाच वर्षांच्या निकालात बायपास झालेल्यांपैकी २९ टक्के रुग्णांची तीन महिन्यांची सरासरी साखर ६ टक्के किंवा त्याखाली होती, तर फक्त औषधांवर असलेल्यांपैकी ५ टक्क्यांची. फरक मोठा आहे, पण १०० पैकी ७१ जण त्या रेषेच्या वरच राहिले, हेही त्याच आकड्यात लिहिलेले आहे. मधुमेह ‘मुळापासून गेला’ असे कोणी सांगितले तर ते मान्य करू नये. तो शांत होतो, काहींचा बरीच वर्षे शांत राहतो.

याच कामासाठी स्लीव्ह नावाची दुसरी शस्त्रक्रिया आहे, जिच्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कायमचा काढून टाकतात आणि आतड्याला हात लावत नाहीत. ती तुलनेने सोपी आहे, पण ज्यांना छातीत जळजळ आणि आंबट पाणी वर येण्याचा जुना त्रास आहे त्यांचा तो त्रास स्लीव्हने वाढू शकतो, तर बायपासने बहुधा कमी होतो. २०२५ पासून भारतात वजनासाठीची आठवड्याची इंजेक्शनेही मिळू लागली आहेत. ती आतड्यातल्या याच संप्रेरकांची नक्कल करतात, मात्र ती थांबवली की वजन बहुतेकांचे परत येते.

शस्त्रक्रियेच्या तयारीत रक्ततपासण्या, सोनोग्राफी, जठराची दुर्बिणीने तपासणी, झोपेतल्या श्वासाची चौकशी आणि मनाच्या अवस्थेची चौकशी हे सगळे येते, आणि बहुधा दोन आठवडे कमी उष्मांकाचा आहार देतात, ज्यामुळे यकृताचा आकार घटून शल्यविशारदाला जागा मिळते. विदर्भातल्या रुग्णाने यात दोन गोष्टी स्वतःहून सांगाव्यात. पहिली सिकलसेलची, म्हणजे तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची. आमच्या पट्ट्यात, विशेषतः पूर्व विदर्भात, हा आजार बऱ्याच घरांत आहे. भूल, थंडी, शरीरातले पाणी कमी होणे आणि प्राणवायू घटणे यांनी सिकलसेलच्या रुग्णाला वेदनेचा झटका येऊ शकतो, आणि त्याला आधीच रक्तक्षय असतो, म्हणून तपासणी झालेली नसेल तर ती शस्त्रक्रियेच्या आधी झालीच पाहिजे. दुसरी खर्ऱ्याची. कोणते व्यसन आहे का, असे विचारले की आपली माणसे ‘नाही’ म्हणतात, कारण खर्रा त्यांना व्यसन वाटतच नाही. पण खर्ऱ्यात तंबाखू असते. पिशवी आणि आतडे यांच्या जोडावर होणारी जखम, म्हणजे अल्सर, बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत स्पष्टपणे जास्त आढळते, आणि म्हणून डॉक्टर कोणत्याही रूपातली तंबाखू आधी काही आठवडे आणि नंतर कायमची बंद करायला सांगतात. ज्याच्याने खर्रा सुटत नाही त्याने शस्त्रक्रिया पुढे ढकलावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

रुग्णालयात मुक्काम बहुधा दोन ते चार दिवसांचा असतो. अनुभवी केंद्रांत या शस्त्रक्रियेने मृत्यू होण्याचे प्रमाण हजारात एक ते तीन इतके कमी आहे. तरी टाक्यातून गळती होणे, रक्तस्राव होणे, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाणे, हे धोके खरे आहेत. घरी आल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ताप, न थांबणारी छातीची धडधड, वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात दुखणे, धाप किंवा एकाच पायाला सूज यांपैकी काहीही दिसले तर उद्याच्या एसटीची वाट पाहू नये. गळतीत पोट नेहमी दगडासारखे कडक होतेच असे नाही. कित्येकदा वाढलेली नाडी हीच पहिली खूण असते.

आता चुलीपाशी येऊ. पहिले एक-दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ, त्यानंतर गाळीव व मऊ, आणि साधारण सहाव्या आठवड्यापासून हळूहळू नेहमीचे अन्न, असा क्रम असतो. पातळ म्हणजे वरणाचे पाणी, ताक, पाणी घातलेले दूध. मऊ म्हणजे घोटलेले वरण, दही, चांगले शिजवलेले अंडे, आणि पुढे ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या. भाकर मात्र आरंभीचे काही महिने त्रास देते, विशेषतः कोरडी, आणि पोळीचा घास नीट चावला नाही तर पिशवीच्या तोंडाशी अडकून छातीत दुखते. घास हरभऱ्याएवढा घ्यावा, वीस-पंचवीस वेळा चावावा आणि छातीत दाटल्यासारखे वाटताच हात थांबवावा. जेवताना पाणी पिऊ नये. जेवणानंतर अर्धा तास जाऊ द्यावा. तिखट तर्रीच्या भाजीवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे जेवण बेचव वाटणार, हे खरे आहे, आणि त्याची आधीच मनाशी तयारी असावी.

इतक्या कमी अन्नात सर्वांत अवघड होते ते प्रथिनांचे गणित. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने हवीत, नाहीतर चरबीऐवजी स्नायू झडतात आणि अशक्तपणा येतो. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात, वाटीभर घट्ट वरणात ७-८ ग्रॅम, तर ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत २५ ग्रॅमच्या आसपास. आमच्या शिवारात सोयाबीनचे ढीग लागतात आणि ते सगळे बाजार समितीत जातात. घरच्या जेवणात ते क्वचितच दिसते. बायपास झालेल्या शाकाहारी माणसाच्या ताटात तरी त्याला जागा मिळायला हवी. म्हणूनच भाकरीआधी वरण-अंडे, भातापूर्वी पनीर-दही, हा क्रम पाळायला सांगतात. पिशवी भरली की भाकर राहिली तरी चालते.

पाण्याबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण इथे विदर्भाचा उन्हाळा मध्ये येतो. शस्त्रक्रियेनंतर तांब्याने पाणी पिता येत नाही. घोट घोट घेत दिवसभरात दीड ते दोन लिटर पोटात जायला हवे, आणि पहिल्या महिन्यात एवढेही कित्येकांना जमत नाही. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा अशा रुग्णाला पाणी कमी पडून चक्कर, लघवी कमी होणे आणि मूत्रपिंडावर ताण येणे हे फार लवकर घडते. जिथे तारीख ठरवणे आपल्या हाती आहे, तिथे दिवाळीनंतरचे थंडीचे महिने निवडावेत असे मी सुचवीन. मात्र कापूस वेचणीचा हंगामही तोच असतो, आणि शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवडे जड ओझे उचलता येत नाही. म्हणून वेचणीच्या कामाला घरात दुसरे कोण आहे, याची बोलणी आधीच व्हायला हवीत.

गोड खाल्ल्यावर होणाऱ्या त्रासाला डम्पिंग म्हणतात. पूर्वी जठर गोड पदार्थ थोडा थोडा करून पुढे सोडत असे. आता तो एकदम आतड्यात उतरतो, आतडे शरीरातले पाणी ओढून घेते, आणि दहा ते तीस मिनिटांत पोटात कळ, मळमळ, धडधड, घाम आणि जुलाब सुरू होतात. काहींना एक ते तीन तासांनी दुसरा प्रकार होतो, त्यात इन्शुलिन जास्त सुटून साखर खाली जाते. महालक्ष्म्यांचे जेवण, पोळ्याची पुरणपोळी, प्रत्येक घरी पुढे येणारा गोड चहा, हे सगळे प्रसंग इथे अडचणीचे ठरतात. ‘एवढ्याशाने काय होते’ असा आग्रह करणाऱ्या पाहुण्यांना नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणण्याचे काम रुग्णाच्या एकटीवर पडू नये. सासूबाईंनी किंवा नवऱ्याने पुढे होऊन सांगितले तर फार बरे पडते. उपास करणाऱ्यांनीही विचार करावा. दिवसभर काही न खाता संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, ही रीत या शरीराला मानवत नाही.

आता सुरुवातीच्या त्या वाक्याकडे परत येऊ. लोह आणि कॅल्शियम ज्या भागात शोषले जातात तोच भाग टाळला गेला आहे. बी-१२ जीवनसत्त्वाचे शोषण होण्यासाठी जठरातले आम्ल आणि जठरातच तयार होणारे एक प्रथिन लागते, आणि अन्नाची त्या जठराशी भेटच होत नाही. म्हणून बायपासनंतर लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, बी-१२ आणि इतर जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. वजन उतरले, आता बरे वाटते, म्हणून त्या सोडून देणे ही मी पाहिलेली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. बी-१२ चा साठा यकृतात असल्यामुळे पहिली एक-दोन वर्षे काही जाणवत नाही. मग पायांना मुंग्या येतात, तोल जातो, विस्मरण होते, आणि फार उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी भरून निघत नाही. महिन्याला एक इंजेक्शन घेऊन हे टाळता येते, आणि ते कोणत्याही गावच्या दवाखान्यात देता येते. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नये, दोहोंत किमान दोन तास जाऊ द्यावेत, आणि लोहाची गोळी चहासोबत तर घेऊच नये. कॅल्शियमपैकी सायट्रेट हा प्रकार आम्ल कमी असतानाही चांगला शोषला जातो, म्हणून औषधाच्या दुकानात तोच मागावा. पाळी चालू असलेल्या आणि आधीच रक्त कमी असलेल्या स्त्रियांनी लोहाबाबत विशेष जागरूक राहावे. पहिल्या वर्षी दर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी रक्त तपासावे. तिसऱ्या महिन्यापासून केस गळू लागतात तेव्हा बायका फार घाबरतात. ते बहुधा वर्षाच्या आत थांबते.

गावात अंग दुखले की औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी आणली जाते. निंदणाच्या दिवसांत तर ती रोजची होते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या बायपास झालेल्या माणसाने टाळल्याच पाहिजेत, कारण त्यांनी जोडावर अल्सर होतो, रक्त जाते, कधी तिथे भोक पडते. पॅरासिटामॉल चालते. दारू या शरीरात फार लवकर आणि फार जोरात चढते, मग ती दुकानातली असो वा मोहाची, आणि पूर्वी न पिणाऱ्यांनाही शस्त्रक्रियेनंतर व्यसन लागण्याचा धोका वाढलेला दिसतो. वजन उतरल्यावर पाळी नियमित होऊन दिवस राहण्याची शक्यता वाढते, पण पहिले बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळायला सांगतात, कारण आईलाच पोषण पुरत नसते. तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांच्या शोषणाचा या काळात भरवसा धरता येत नाही, म्हणून तांबीसारखा उपाय बरा.

दोन गोष्टी मात्र रुग्णापेक्षा त्याच्या गावच्या डॉक्टरला ठाऊक असणे जास्त महत्त्वाचे आहे. पहिली सलाईनची. बायपासनंतर कोणाला आठवडाभर सतत उलट्या होत असतील तर शरीरातला थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा साठा संपत आलेला असतो. अशा वेळी अशक्तपणा आला म्हणून ग्लुकोजची बाटली लावली, तर उरलेले थायमिनही खर्च होऊन मेंदूला कायमची इजा होऊ शकते: नजर दुहेरी होते, चाल अडखळते, भ्रम होतो. आधी थायमिनचे इंजेक्शन आणि मग ग्लुकोज, हा क्रम चुकता कामा नये. दुसरी गोष्ट पोटातल्या कळेची. आतड्याची जोडणी बदलताना आत काही फटी राहतात, आणि वजन उतरल्यावर त्या मोठ्या होऊन आतडे त्यांत अडकू शकते. हे शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनीही होते. जेवणानंतर वारंवार येणारी कळ गॅस समजून अँटासिडवर ढकलू नये. अचानक तीव्र कळ आली तर सीटी स्कॅन आणि शल्यविशारद दोन्ही असतील तिथेच जावे. वेगाने वजन उतरताना पित्ताशयात खडेही होतात, म्हणून पहिले सहा महिने त्यासाठीची गोळी बहुधा दिली जाते.

शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या कुटुंबाने शल्यविशारदाला हे सगळे विचारावे, आणि त्यासोबत नागपूरला फेऱ्या किती मारायच्या, त्यातल्या कोणत्या तपासण्या जिल्ह्याच्या ठिकाणी करता येतील, रात्री-अपरात्री फोन कोण उचलेल, आणि वर्षभराच्या गोळ्यांना किती रुपये लागतील, हेही विचारावे. सिरोंच्याच्या माणसाला नागपूर गाठायला जवळजवळ दिवस जातो. त्याच्या अडचणी नागपूरच्या पेठेत राहणाऱ्याच्या अडचणींपेक्षा निराळ्या आहेत, आणि त्या मांडायला संकोच करू नये. ज्या ठिकाणी या प्रश्नांना वेळ देऊन उत्तरे मिळत नाहीत, तिथे घाई करू नये.

शेवटी एक लहान काम. सुटी होताना डॉक्टरांकडून मराठीत आणि इंग्रजीत एक कार्ड लिहून घ्यावे. त्यावर शस्त्रक्रियेचे पूर्ण नाव व तारीख, रुग्णालयाचा क्रमांक, ‘वेदनाशामक गोळ्या नकोत’, ‘ग्लुकोजआधी थायमिन’, ‘नाकातून पोटात जाणारी नळी न बघता घालू नये’ आणि ‘पोटात तीव्र कळ असल्यास आतडे अडकल्याची शंका घ्यावी’ एवढे असावे. तालुक्याच्या ठिकाणी त्याला प्लॅस्टिकचे आवरण घालून घ्यावे, एक प्रत गावच्या डॉक्टरांकडे आणि एक आशाताईंकडे द्यावी, आणि मूळ कार्ड घरात जिथे रेशनकार्ड व आधारकार्ड ठेवतात त्याच पिशवीत ठेवावे, म्हणजे रात्री घाईत निघताना ते सोबत येईल.